वाचकांचे प्रश्न : जेंटूचे यूज फ्लॅग

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर जेंटू (पॅकेजं स्वतः कंपाइल करायचं लिनक्स) हलकं राहावं म्हणून मेक-डॉट-कॉन्फ या सेटिंग फाइलच्या ‘यूज’ ओळीत, म्हणजे पॅकेजमधल्या सोयी चालू-बंद करणाऱ्या फ्लॅगच्या ओळीत, सुरुवातीलाच ‘उणे तारा’ (-*) टाकून सगळे फ्लॅग बंद केले आणि लागतील तेवढेच पुढे लिहिले. आता अपडेट करताना ‘रिक्वायर्ड यूज’ची अट पुरी होत नाही, असं सांगून इमर्ज (पॅकेज बांधणारी कमांड) थांबतं.

उत्तर : आधी तो उणे तारा काढा. प्रोफाइलने (जेंटूच्या मूळ सेटिंगचा संच) आणि प्रत्येक पॅकेजच्या ईबिल्डने (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी फाइल) मुद्दाम चालू ठेवलेले फ्लॅगही त्याने पुसले जातात. काही ईबिल्डमध्ये ‘या दोनपैकी एक तरी चालू हवा’ अशी अट असते. दोन्ही बंद दिसले की इमर्ज अडून बसणारच. मेक-डॉट-कॉन्फमध्ये अख्ख्या मशीनला लागू होतील असे मोजकेच फ्लॅग ठेवा. ब्लूटूथ नसेल तर उणे ब्लूटूथ, छपाई करत नसाल तर उणे कप्स. बाकीचे पॅकेज-डॉट-यूज फोल्डरमध्ये, पॅकेजवार : आधी वर्ग, तिरपी रेघ, पॅकेजचं नाव आणि मग स्पेस देऊन फ्लॅग. वरच्या ओळीत हॅश टाकून कारणही लिहा, नाहीतर वर्षभराने तो फ्लॅग काढायची हिंमत होत नाही.

बिल्ड सुरू करण्याआधी इमर्जला प्रीटेंड (न बांधता नुसती यादी) आणि व्हर्बोज (तपशिलासह) हे दोन पर्याय द्या. यादीत लाल म्हणजे चालू, निळा म्हणजे बंद. हिरवा, तारा लागलेला फ्लॅग मागच्या बिल्डपेक्षा बदललेला असतो; नजर तिथेच टाका. कंसातला फ्लॅग प्रोफाइलने सक्तीने चालू किंवा बंद केलेला असतो, त्याच्याशी झटापट करू नका.

प्रश्न : फ्रीटाइप आणि हार्फबझ या फॉन्टच्या दोन लायब्ररी. फ्रीटाइपला हार्फबझ हवं आणि हार्फबझला फ्रीटाइप. कुठून सुरुवात करायची?

उत्तर : फ्रीटाइप एकदा अर्धवट बांधायचं. कमांडच्या आधी त्याच ओळीत ‘यूज’मध्ये उणे हार्फबझ देऊन फ्रीटाइप ‘वनशॉट’ने इमर्ज करा, म्हणजे वर्ल्ड फाइलमध्ये (तुम्ही स्वतः मागून बसवलेल्या पॅकेजांची यादी) त्याची नोंद होणार नाही. मग हार्फबझ, आणि शेवटी फ्रीटाइप पुन्हा, या वेळी नेहमीच्या फ्लॅगसह. कमांडच्या ओळीतला फ्लॅग तेवढ्यापुरताच टिकतो. उणे हार्फबझ कायमचं फाइलमध्ये लिहून ठेवणं हा आळशी उपाय. मग दुसरं एखादं पॅकेज तोच फ्लॅग मागतं आणि नवा गुंता होतो.

प्रश्न : फ्लॅग बदलला, पण प्रोग्राममध्ये काहीच फरक नाही.

उत्तर : फाइल बदलली म्हणून आधीच बांधलेलं पॅकेज बदलत नाही. वर्ल्डवर अपडेट, डीप आणि चेंज्ड-यूज हे पर्याय देऊन इमर्ज चालवा. न्यू-यूज वापरलात तर ईबिल्डमध्ये एखादा फ्लॅग नुसता नव्याने आला, तुम्ही तो चालू केलेला नसला, तरी पुनर्बांधणी होते. जुन्या प्रोसेसरला हा फुकटचा भुर्दंड.

डिसेंबर 2023 पासून जेंटूची अधिकृत तयार बायनरी पॅकेजंही मिळतात, पण इमर्जचा ‘बिनपॅकेज रिस्पेक्ट यूज’ हा पर्याय चालू असताना फ्लॅग जुळले तरच ती उचलली जातात. क्यूटी वेबइंजिनसारख्या अवजड पॅकेजचा एखादा किरकोळ फ्लॅग फिरवलात, तर ते घरीच कंपाइल होणार. तेव्हा मेकऑप्ट्समध्ये (एका वेळी किती कंपाइल जॉब चालवायचे ती सेटिंग) दर जॉबमागे 2 जीबी रॅम धरा : 8 जीबीच्या मशीनवर चारपेक्षा जास्त जॉब नकोत.