‘पुंट ए मेस’ आणि आपले ‘दीड’

प्रश्न असा आहे: इटलीतील तुरीन शहराच्या ‘पुंट ए मेस’ या व्हर्मुथच्या, म्हणजे वनौषधी मुरवलेल्या वाइनच्या, नावाचा मराठीत अर्थ काय, आणि त्यातील ‘मेस’ म्हणजे महिना, हे खरे का?

खरे नाही. स्पॅनिश भाषेत ‘मेस’ म्हणजे महिना होतो हे मान्य. परंतु हे नाव स्पॅनिश नाही, आणि काटेकोरपणे पाहिले तर प्रमाण इटालियनही नाही. ते इटलीच्या वायव्येकडील पिएमाँत प्रांताच्या बोलीतले आहे. इटालियनमध्ये जे ‘पुंतो ए मेद्झो’, त्याचे अंत्य स्वर ही बोली गाळून टाकते आणि ‘पुंट ए मेस’ एवढेच उरते. मधला ‘ए’ म्हणजे ‘आणि’. त्याला इंग्रजी मुळाक्षर समजून ‘पंट ई मेस’ असा उच्चार करणारे लोक मला वारंवार भेटतात, आणि त्यांतले निम्मे तरी मद्यांविषयी इतरांना मार्गदर्शन करणारे असतात, याचा मनापासून त्रास होतो. ‘मेस’ म्हणजे अर्धा. लॅटिन ‘मेदिउस’पासून तो आला आहे आणि आपला ‘मध्य’ त्याच कुळातला आहे. एक ‘पुंट’, म्हणजे अंश, आणि वर अर्धा, इतका सरळ अर्थ आहे.

‘व्हर्मुथ’ या शब्दावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. तो ‘वेरमूट’ या जर्मन वनस्पतिनामावरून आला. ही वनस्पती आपल्या दवण्याच्या प्रजातीतली, पण अतिशय कडू. म्हणूनच मराठी बायबलात तिच्यासाठी ‘कडूदवणा’ हा नेमका शब्द योजलेला आहे. तुरीनमध्ये १७८६ साली अंतोनिओ बेनेदेत्तो कार्पानो याने मोस्कातो द्राक्षांच्या वाइनमध्ये वनौषधी मुरवून आपले व्हर्मुथ विकायला आरंभ केला. चिंझानो बंधू त्याच्या आधीपासून, १७५७ पासून, याच शहरात वनौषधींच्या अर्कांच्या व्यवसायात होते. तरीही आधुनिक व्हर्मुथचा आरंभ बहुतेक जण कार्पानोपासूनच धरतात. पियात्सा कास्तेल्लो या चौकातले त्याचे दुकान पुढे शहरातील व्यापारी आणि राजकारणी मंडळींचा अड्डा बनले, आणि ‘पुंट ए मेस’ची जन्मकथा याच दुकानात घडली, असे सांगितले जाते.

ही कथा दोन प्रकारे सांगतात. पहिलीनुसार १८७० साली एक शेअर दलाल सोबत्यांशी बाजारातल्या दीड अंशाच्या चढउताराची चर्चा करण्यात इतका गढून गेला होता की, कडवट अर्क घातलेले व्हर्मुथ मागवताना त्याच्या तोंडून ‘पुंट ए मेस’ हेच शब्द निघाले. दुसरीनुसार हे नाव म्हणजे चवीचे प्रमाण आहे: एक अंश गोडी आणि अर्धा अंश कडूपणा. अनेक लेखक दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवून मोकळे होतात. मला ही पद्धत मान्य नाही, कारण दोन्ही स्पष्टीकरणे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत आणि निवाडा व्याकरणच करते. ‘पुंट ए मेस’मधला अर्धा हा त्याच ‘पुंट’चा अर्धा आहे, निराळ्या वस्तूचा नव्हे. एक आंबा आणि अर्धा लिंबू यांना कोणी ‘दीड’ म्हणत नाही. गोडी आणि कडूपणा यांची बेरीज करणारा अर्थ, माझ्या मते, नाव रूढ झाल्यावर त्याला चिकटवलेला आहे. दलालाची गोष्ट घडली असो वा नसो, व्याकरणाच्या बाजूने तीच उभी राहते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला बसलो तिच्याकडे येतो. एक आणि अर्धा ही संख्या सांगण्याच्या दोन रीती भाषांमध्ये दिसतात. पहिली बेरजेची. पिएमाँतची बोली तीच वापरते, आणि तिची पूर्वज लॅटिनही तीच वापरत होती: ‘सेस्क्वि’ म्हणजे दीड, आणि तो शब्द मुळात ‘सेमिस’ अधिक ‘क्वे’, म्हणजे ‘आणि अर्धा’ असा आहे. दुसरी रीत याहून कितीतरी अधिक सूक्ष्म आहे आणि ती आपली आहे. संस्कृत ‘द्व्यर्ध’, पालीत ‘दियड्ढ’, प्राकृतात ‘दिवड्ढ’ आणि मराठीत ‘दीड’: ज्यातला दुसरा अर्धाच आहे, ते दीड. येथे एकात काही मिळवलेले नसून दोनाकडे जाताना दुसऱ्याच्या मध्यावर थांबलेले आहे. ‘अडीच’मागे असाच ‘अर्धतृतीय’ आहे, तिसरा अर्धा. आणि ‘औटघटकेचे राज्य’ यातला ‘औट’ म्हणजे ‘अर्धचतुर्थ’, प्राकृतात ‘अद्धुट्ठ’, साडेतीन. जर्मन ‘आन्डरटहाल्ब’ आणि रशियन ‘पलतरा’ हे शब्दही दिडासाठी हीच दुसरी रीत वापरतात, त्यामुळे ही कल्पना केवळ भारतीय नाही. परंतु ‘साडे’ हा ‘सार्ध’पासून आलेला बेरजेचा शब्द हाताशी असूनही मराठीने ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ कधीच होऊ दिले नाहीत, दीड आणि अडीच जपले, याचा मला अतिशय अभिमान वाटतो. शाळांमधून ‘साडेदोन’ ऐकू येऊ लागले आहे. ते वेळीच थांबवायला हवे.

नावाच्या अर्थाविषयी कोणाला अजून शंका असेल, तर तुरीनचा चित्रकार आर्मांदो तेस्ता याने १९६० मध्ये केलेली या व्हर्मुथची जाहिरात पाहावी. तीत एक गोल आणि त्याच्या खाली तेवढ्याच व्यासाचा अर्धगोल आहे. महिना नाही, गोडी नाही, कडूपणाही नाही. ‘पुंट’ म्हणजे टिंबही होते आणि बाजारातला अंशही, आणि तेस्ताने त्यातले टिंब उचलले. त्याच रचनेचे मोठे शिल्प २०१५ पासून तुरीनच्या जुन्या पोर्ता सुझा स्थानकासमोर उभे आहे. कार्पानोची व्यापारी नाममुद्रा आता मिलानच्या ब्रांका कंपनीकडे आहे, पण बाटलीवरचे नाव पिएमाँतच्या बोलीतच राहिले आहे.

मराठीत हे नाव भाषांतरित करू नये. ‘पुंट ए मेस’ असेच लिहावे. अर्थ द्यायचाच असेल तर ‘दीड अंश’ असा द्यावा, कारण बाजार वधारला वा घसरला की मराठी वर्तमानपत्रे ‘अंश’ हाच शब्द वापरतात. यात तेस्ताचे टिंब हरवते हे खरे, परंतु अंश आणि टिंब दोन्ही सांभाळणारा शब्द मराठीत मला आढळलेला नाही.