वाचकांचे प्रश्न : झोप लागत नाही, मोडते, पुरत नाही

या वेळी झोपेविषयीची पत्रे सर्वाधिक आली. पुष्कळ तक्रारी सारख्याच असल्यामुळे त्यांतील पाच प्रश्न निवडले असून, पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. निद्रानाश आणि घोरणे या विषयांची उत्तरे मुद्दाम विस्ताराने दिली आहेत, कारण पहिल्यात लोक चुकीचे उपाय वर्षानुवर्षे करत राहतात आणि दुसऱ्यात उपायच करत नाहीत.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. वर्षभरापूर्वी घरातल्या एका आजारपणात रात्रीची जागरणे झाली. आजारपण सरले, माझी झोप मात्र परतली नाही. तळमळण्यात दोन-तीन तास जाणार हे धरूनच मी आता साडेनऊला आडवी होते. साडेबाराच्या सुमारास डोळा लागतो, तीनला जाग येते, मग अर्धा तास कुशी बदलत आणि घड्याळ पाहत राहते. साडेसहाला उठते. झोपेची बेरीज जेमतेम साडेपाच तास होते. काय करावे?

उत्तर : ज्या कारणाने झोप बिघडली ते संपले, तरी बिघाड टिकून आहे, म्हणजे आता तो दुसऱ्या कशावर तरी पोसला जात आहे. जुन्या निद्रानाशात हे दुसरे कारण बहुधा आपणच झोप भरून काढण्यासाठी केलेल्या उपायांत दडलेले असते. तुमच्या बाबतीत मला ते साडेनऊच्या वेळेत दिसते.

झोप दोन गोष्टींच्या मेळाने येते, अशी मांडणी अलेक्झांडर बोरबेली या संशोधकांनी १९८२ मध्ये केली आणि ती आजही आधारभूत मानली जाते. पहिली गोष्ट म्हणजे झोपेची ओढ. आपण जितका वेळ जागे असतो तितके मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि त्या प्रमाणात ओढ वाढते. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूतले चोवीस तासांचे घड्याळ, जे प्रामुख्याने डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने जुळवले जाते. हे घड्याळ नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीच्या दोन-तीन तासांत उलट चांगलेच जागे ठेवते. साडेनऊला तुमची ओढ पुरती वाढलेली नसते आणि घड्याळही अनुकूल नसते. भूक नसलेल्या माणसाला पानावर बसवून ठेवावे तसा हा प्रकार होतो. त्यात रोज तीन तास अंथरुणात चिंता केल्यामुळे अंथरूण म्हणजे जागण्याची जागा, अशी मेंदूची सवय होऊन बसते. बैठकीच्या खोलीत पेंगणारा माणूस गादीवर पाठ टेकताच टक्क जागा होतो, तो यामुळेच.

म्हणून प्रथम दोन आठवडे एका वहीत रोज सकाळी अंदाजाने नोंद ठेवा : आडवी कधी झाले, साधारण कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठले. पत्रावरून तुम्ही नऊ तास अंथरुणात असता आणि साडेपाच तास झोपता, म्हणजे अंथरुणातला साधारण ६० टक्केच वेळ कामी येतो. नोंदींतूनही हेच दिसले, तर अंथरुणातला वेळ सहा तासांवर आणा. उठण्याची वेळ साडेसहाच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही तीच, आणि साडेबाराच्या आधी आडव्या होऊ नका. आठवडाभरात अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ ते ९० टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की आडवे होण्याची वेळ १५ मिनिटे अलीकडे घ्या, आणि असेच आठवड्या-आठवड्याने पुढे जा. पाच तासांहून कमी वेळ कुणीही ठरवू नये. अपस्मार किंवा द्विध्रुवी (बायपोलर) मनोविकार असलेल्यांनी, झोपेत चालणाऱ्यांनी आणि ज्यांच्या कामात वाहन किंवा यंत्र चालवावे लागते त्यांनी हा उपाय तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय करू नये, कारण सुरुवातीच्या काही आठवड्यांत दिवसा खरोखरच पेंग येते. दुपारची डुलकीही त्या काळात टाळावी लागेल. हे कठीण जाते याची मला कल्पना आहे, पण त्या ताणामुळेच झोपेची ओढ पुन्हा वाढते आणि झोप सलग लागू लागते.

याच्या जोडीला रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला नियम पाळा. झोप लागत नाही आणि चिडचिड वाढते आहे असे वाटू लागले, साधारण वीस मिनिटे गेली असावीत असा अंदाज आला, की उठून दुसऱ्या खोलीत जा. तिथे खुर्ची, मंद दिवा आणि उत्कंठा न वाढवणारे एखादे पुस्तक आधीच ठेवलेले असावे. अंधारात चाचपडत शोधाशोध करावी लागली तर उठणे नकोसे होते. डोळे जड झाले की परत या, पुन्हा झोप उडाली तर पुन्हा उठा. घड्याळाचे तोंड भिंतीकडे करा, कारण तीन वाजले आहेत हे कळताच उरलेल्या तासांचा हिशेब सुरू होतो आणि त्या हिशेबानेच जाग पक्की होते.

तीनला जाग येणे हे स्वतंत्रपणे आजाराचे लक्षण नाही. रात्रीची झोप सुमारे दीड-दीड तासाच्या आवर्तनांची असते, गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात येतो आणि पुढची झोप अधिक हलकी असते. आवर्तनांच्या सीमेवर सगळ्यांनाच जाग येते. ज्यांना त्या जाग येण्याची धास्ती नसते ते सकाळपर्यंत ती विसरूनही जातात.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त काळ असे चालले तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. त्यावर वर सांगितलेल्या उपायांचा समावेश असलेली, विचार आणि सवयी बदलणारी वर्तन-उपचारपद्धती प्रथम वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली आहे. ती देणारे मानसोपचारतज्ज्ञ मिळाले तर अवश्य गाठा. उदासी, कशातच मन न लागणे किंवा जगणे नकोसे वाटणे यांची जोड असेल, तर मात्र दोन आठवडे नोंदी ठेवत थांबू नका. आधी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : रुग्णालयात असताना झोपेची गोळी सुरू झाली, ती तीन वर्षे चालू आहे. आता तिचा फारसा उपयोग होत नाही, पण बंद केली की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणजे मला ती जन्मभर लागणार का?

उत्तर : गोळी बंद केल्यावरच्या रात्री गोळीची गरज सिद्ध करत नाहीत. बेंझोडायझेपिन गटातील आणि त्यांसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यावर मेंदू त्यांना सरावतो आणि त्या अचानक थांबवल्या की मूळच्यापेक्षाही तीव्र निद्रानाश काही काळ उसळून येतो. दीर्घकाळ जास्त मात्रा घेणाऱ्यांना एकदम बंद केल्याने झटकेही येऊ शकतात. म्हणून गोळी स्वतःहून थांबवू नका. डॉक्टरांशी बोलून मात्रा टप्प्याटप्प्याने, अनेक आठवडे किंवा महिने घेऊन कमी करा आणि त्याच काळात पहिल्या उत्तरातील सवयी सुरू करा. दोन्ही एकत्र केल्यास गोळी सुटण्याची शक्यता वाढते. साठी ओलांडलेल्यांनी हा विषय लांबणीवर टाकू नये, कारण या वयात या गोळ्यांमुळे तोल जाऊन पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो. सर्दीची गुंगी आणणारी औषधे झोपेसाठी घेणेही वयस्करांना त्रासदायक ठरते, त्यांनी गोंधळलेपण येऊ शकते. मद्य तर उपाय म्हणून घेऊच नये : त्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते.

प्रश्न : माझे पती फार मोठ्याने घोरतात. मध्येच आवाज एकदम थांबतो आणि मग ते गुदमरल्यासारखे दचकतात. दिवसा बसल्या जागी डुलकी लागते. ते म्हणतात, "घोरतो म्हणजे गाढ झोपतो." हे खरे आहे का?

उत्तर : नाही, आणि तुम्ही केलेले वर्णन ऐकून त्यांना लवकरात लवकर तपासणीला न्यावे असा माझा आग्रह आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. वाट अरुंद झाली की हवेच्या कंपनाने घोरणे ऐकू येते आणि वाट पूर्ण मिटली की शांतता पसरते. त्या शांततेत छाती वर-खाली होत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, धापेसह श्वास सुटतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला तर तो एक खंड मोजतात. श्वास थांबण्याचे किंवा फार उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला पाच ते पंधरा असतील तर विकार सौम्य, पंधरा ते तीस असतील तर मध्यम आणि तीसच्या वर तीव्र. रात्रीतून शेकडो वेळा असे होऊनही सकाळी त्यातले काहीच आठवत नाही, म्हणूनच तुमचे पती निश्चिंत आहेत. या विकाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, आणि वाढलेला रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता व पक्षाघात यांच्याशी त्याचा संबंध आहे.

तुमची साक्ष इथे फार मोलाची आहे. ते उताणे झोपलेले असताना मोबाइलवर काही मिनिटांचे चित्रण करा, ज्यात आवाज वाढणे, थांबणे आणि पुन्हा धाप लागणे हा सगळा क्रम येईल, आणि ते डॉक्टरांना दाखवा. मेलबर्नचे मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेली एपवर्थ प्रश्नावलीही भरून न्या : वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना, दुपारच्या जेवणानंतर स्वस्थ बसल्यावर, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ अशी गुणांत द्यायची असते आणि बेरीज दहाच्या वर गेली तर दिवसाची झोपाळूपणाची पातळी अधिक समजतात. निदान मात्र झोपेच्या चाचणीनेच होते, जी अनेकदा घरीही करता येते.

उपचार समाधानकारक आहेत. ऑस्ट्रेलियाचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेली, मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवणारी सीपॅप पद्धत आजही मुख्य उपचार आहे. मुखवटा पहिल्या काही दिवसांत नकोसा वाटतो आणि पुष्कळ जण तिथेच सोडून देतात. तो चेहऱ्याला नीट बसत नसेल तर दुसऱ्या मापाचा किंवा प्रकाराचा मागून घ्यावा. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे आणि रात्री मद्य व गुंगीची औषधे टाळणे यांचीही मदत होते. तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत त्यांनी लांबच्या प्रवासात वाहन चालवू नये. या एका बाबतीत त्यांची समजूत काढत बसू नका, किल्ली स्वतःकडे ठेवा.

प्रश्न : सतरा वर्षांचा मुलगा रात्री दोनपर्यंत जागतो आणि सकाळी उठवता उठत नाही. हा आळस की मोबाइलचा परिणाम?

उत्तर : थोडा वयाचा परिणाम आहे. किशोरवयात शरीराचे घड्याळ खरोखरच उशिराकडे सरकते, आणि या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. त्यामुळे आळशी म्हणून त्याला बोल लावणे अन्यायाचे होईल. मोबाइल त्यात भर घालतो, पडद्याच्या उजेडामुळे आणि त्याहून अधिक, थांबावेसे न वाटणाऱ्या मजकुरामुळे. रात्री फोन खोलीबाहेर ठेवण्याचा नियम घरातल्या मोठ्यांनीही पाळला तरच तो टिकतो. उठल्यावर लगेच अर्धा तास बाहेरच्या उजेडात जाऊ द्या, संध्याकाळी दिवे मंद ठेवा, आणि सुट्टीच्या दिवशी उठण्याची वेळ तासाभराहून अधिक लांबू देऊ नका. दुपारनंतर कॉफी व ऊर्जापेये नकोत. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायलाच सुमारे पाच तास लागतात.

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या आईला अंथरुणावर पडले की पायांत काहीतरी वळवळल्यासारखे होते. पाय हलवले किंवा चालले की बरे वाटते, थांबले की पुन्हा सुरू. ती पाय चेपून घेते. हे वयामुळे आहे का?

उत्तर : वयावर ढकलून देऊ नका. पाय हलवावेत अशी अनावर इच्छा, विश्रांतीत त्रास वाढणे, हालचालीने उतार पडणे आणि संध्याकाळ-रात्री जोर असणे, ही चारही लक्षणे अस्वस्थ पायांच्या विकाराची आहेत. स्वीडनचे कार्ल-अ‍ॅक्सल एकबॉम यांनी १९४५ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. शरीरातील लोहाचा साठा कमी असणे हे यामागचे सुधारता येण्याजोगे कारण आहे. हिमोग्लोबिन चांगले असतानाही साठा कमी असू शकतो, म्हणून फेरिटिन ही रक्तचाचणी वेगळी मागून घ्या. या विकारात फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर बहुधा लोह देतात, मात्र ते चाचणीशिवाय स्वतःहून सुरू करू नये. मूत्रपिंडाच्या तक्रारी आहेत का, हेही डॉक्टर पाहतील. ॲलर्जीची गुंगी आणणारी औषधे आणि काही नैराश्यविरोधी औषधे हा त्रास वाढवतात, तेव्हा आई घेत असलेल्या सर्व गोळ्यांची वेष्टने एका पिशवीत घालून सोबत न्या.