वडील गेल्यापासून कोणाला भेटावंसंच वाटत नाही, एकांत हवासा वाटणं म्हणजे विश्वास कमी पडला का?

तुम्ही लिहिलंय की वडील जाऊन तीन आठवडे झाले, तुम्ही फोन उचलत नाही, चर्चला गेला नाहीत आणि मंडळीतले लोक म्हणतायत विश्वास डळमळलाय. मी काही पाळक (पास्टर) नाही, नगरकडची साधी बाई आहे, पण आई गेली तेव्हा हेच सगळं ऐकून घेतलंय म्हणून लिहिते.

आधी बायबलमधलं मत्तय 14, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय वाचा. संडेस्कूलपासून आपल्याला तो अध्याय म्हटलं की पाच भाकरी दोन मासेच आठवतात, पण त्याच्या आधी काय आहे तर मयताची बातमी. हेरोद राजाने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं तुरुंगात डोकं उडवलं, शिष्यांनी धड नेऊन पुरलं आणि येशूला येऊन सांगितलं. योहान नात्यातलाच होता. ते ऐकून येशू होडीत बसून एकांतात निघून गेला, आणि लोक काय, पायी चालत तिथेही हजर! त्याला कळवळा आला, आजारी बरे केले, त्या पाच भाकरी दोन माशांत पाच हजार पुरुष आणि शिवाय बायका-पोरं जेवली. मला आमच्याकडच्या एका काकांनी हेच ऐकवलं होतं की बघ, प्रभूने दुःख बाजूला ठेवून सेवा केली. पण काका तिथेच थांबले ना, 23वं वचन वाचलंच नाही. त्याने शिष्यांना होडीत बसवून पुढे पाठवलं, लोकांना निरोप दिला आणि एकटा डोंगरावर गेला, तो रात्रीच्या चौथ्या प्रहरी म्हणजे पहाटेच शिष्यांकडे आला. दिवसा मिळाला नाही तो एकांत त्याने रात्री घेतलाच.

मग गेथशेमानेत बघा, येशू पकडला जायच्या आधी जिथे प्रार्थनेला गेला तिथे. पेत्र, याकोब, योहान (हा दुसरा योहान, शिष्यांतला) यांना सोबत नेलं, जागे राहा म्हणाला आणि स्वतः पुढे गेला, किती लांब तर लूक त्याच्या शुभवर्तमानात लिहितो धोंड्याच्या टप्प्याइतका. मला हे अंतर फार पटतं. (ते तिघे झोपले ती गोष्ट वेगळी.)

आमच्या घरी दफनविधीनंतर रोज कोणी ना कोणी प्रार्थनेला यायचं, मी गच्चीवर जाऊन बसायचे आणि खाली माझ्याबद्दल कुजबुज. फक्त वहिनीला सांगून ठेवलं होतं की मी वर आहे, बोलायचं नाहीये. ती चहा जिन्यात ठेवून जायची, हाकसुद्धा मारायची नाही. असं एक माणूस तुम्हीही धरून ठेवा. आणि झोप, जेवण पार तुटलं किंवा जगूच नये असं वाटायला लागलं तर मात्र त्या माणसाला घेऊन लगेच डॉक्टरकडे जा, एलीया संदेष्ट्यानेही रतामाच्या झुडपाखाली मरणच मागितलं होतं आणि देवदूताने त्याला आधी भाकर-पाणी दिलं, रागावला नाही.

चर्चचं म्हणाल तर शेवटच्या बाकावर बसा आणि शेवटचं गीत चालू असतानाच उठून निघा, म्हणजे दारात कोणी गाठत नाही. मी दोन महिने तेच केलं.