माळ्यावर लोकर अंथरताना

प्रश्न : आम्ही लीड्समध्ये राहतो. घर जुनं आहे, थंडी अडवायला माळ्यावर जेमतेम १०० मिलिमीटर ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा थर) आहे. त्यावर १७० मिलिमीटरची भर घालायची आहे. ४५ चौरस मीटरला ग्लासवूल मजुरीसकट ६०० पौंड, मेंढीची लोकर २,००० पौंड. आजोळी माणमध्ये घोंगडीत झोपल्यामुळे मन लोकरीकडे ओढतं. घरकर्जाचं व्याज ५ टक्के आहे. काय करावं?

उत्तर : घोंगडीशी माझा वाद नाही. पण ऊब राखते ती धाग्यांत अडकलेली हवा, आणि ती काचेच्या तंतूंतही अडकते. जाडी सारखी असेल तर गॅसचं बिल दोन्हींनी जवळपास सारखंच उतरेल.

किती? उबेची मोठी गळती पहिल्या १०० मिलिमीटरनेच थांबवली आहे. गॅसच्या युनिटला ६ पेन्स धरून माझ्या ढोबळ हिशेबाने वर्षाला चाळीसेक पौंड वाचतील. ग्लासवूलचे पैसे १५ वर्षांत फिटतील, लोकरीचे ५० वर्षांत! वरचे १,४०० पौंड कर्जात आगाऊ भरलेत तर पहिल्याच वर्षी ७० पौंड व्याज वाचेल. फिक्स्ड, म्हणजे काही वर्षांपुरता व्याजदर बांधलेल्या, कर्जात बहुतेक ठिकाणी वर्षाला शिल्लक रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत दंडाशिवाय भरता येतं. करार तेवढा बघून घ्या.

आपणच अंथरू, मजुरी वाचेल, असं मनात येईल. पण ग्रेट ब्रिटनमध्ये ३१ मार्च २०२७ पर्यंतचा शून्य व्हॅट कंत्राटदाराने माल आणून बसवला तरच मिळतो. नुसता माल घेतलात तर २० टक्के. (ग्लासवूलने अंग खाजतं, लोकरीने नाही, हे मात्र खरं.)

यॉर्कशरच्या मेंढपाळाचं भलं होईल म्हणून जादा पैसे मोजणार असाल, तर त्याला अनेकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. तुमचे पैसे जातात धुण्यात, कसर लागू नये म्हणून केलेल्या प्रक्रियेत आणि लोकरीच्या काही तयार थरांत मिसळलेल्या पॉलिएस्टरमध्ये.

लोकरीचा खरा गुण वेगळाच. वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पिऊनही ती हाताला कोरडी लागते. तुमचा माळा ओल धरत असेल तर आधी बघा, बाथरूमचा पंखा वाफ माळ्यातच सोडत नाही ना. ती दुरुस्ती स्वस्तात होते.

तेव्हा आत्ता ग्लासवूलच घाला. पुढेमागे माळ्यावर खोली काढलीत, तर उतरत्या वाशांमध्ये लोकर भरण्याची हौस जरूर करा, पण त्यासाठी आजपासून वेगळे पैसे साठवा. आणि आताच्या कोटेशनवर, छपराच्या कडेची हवेची वाट बुजवणार नाही, असं कंत्राटदाराकडून लिहून घ्या.