ओसीटी शिकताना

ओसीटी म्हणजे प्रकाश वापरून डोळ्याच्या आतल्या पडद्याचे (रेटिनाचे) थर दाखवणारी तपासणी. तिचं मशीन कितीही वेगवान असलं तरी समोरचा डोळा जिवंत आहे, हे पक्कं लक्षात ठेव. पेशंट एकटक बघत असला तरी डोळा बारीक हलतच असतो. जुनी टाइम-डोमेन मशीन सेकंदाला जेमतेम 400 ए-स्कॅन (एकेका बिंदूवर खोलवर घेतलेली एकेक रेघ) घ्यायची. तेवढ्यात डोळा सरकायचा आणि रेटिनाच्या थरांना खोट्या लाटा यायच्या. आताची हजारोंनी घेतात, तरी डोळा कोरडा पडला की सिग्नल ढासळतोच. म्हणून आधी दोन-तीनदा पापण्या मिटायला सांग, मगच बटण दाब.

आणखी एक. 840 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पेशंटला पुसट लाल रेघ म्हणून दिसतो. ती सरकली की नजर तिच्यामागे जाते, स्कॅन फोव्हियावरून (रेटिनाच्या मधल्या, सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या जागेवरून) घसरतो. ‘आजी, लाल रेघ हलेल, तुम्ही खुणेकडेच बघा,’ एवढं आधी सांगितलंस तरी खूप फरक पडतो.

मोठा मायनस नंबर असलेल्या डोळ्यात रेटिनाची कड चौकटीच्या वरच्या टोकाला उलटी दुमडलेली दिसली, तर तो आजार समजू नकोस. अंतर जुळवून पुन्हा घे. आणि जाडीचा रंगीत नकाशा नंतर. आधी प्रत्येक करडा बी-स्कॅन (ए-स्कॅन शेजारी-शेजारी ठेवून बनलेलं छेदचित्र) उघडून सॉफ्टवेअरने थरांच्या रेघा बरोबर आखल्यात का ते स्वतः तपास.