जुन्या सुपरजेटमध्ये ११०० चं इंजिन बसवू का?

तुम्ही विचारलंय की १९९६ ची यामाहा सुपरजेट जेट-स्की आहे, ७०१ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, आणि मित्र वेव्हरेडर या यामाहाच्याच बसायच्या स्कीचं तीन सिलिंडरवालं ११०० इंजिन जवळपास फुकटात देतोय, तर बसवू का. मी अ‍ॅरिझोनात असतो, उन्हाळाभर लेक हवासूवर पडीक, आणि माझीही अशीच उभ्याने चालवायची म्हातारी सुपरजेट आहे जिच्यावर बायकोला सांगितलेत त्यापेक्षा जास्त पैसे गेलेत. तर ते इंजिन नका घेऊ.

११०० म्हणजे काही वेगळं प्रकरण नाही, तोच ८१ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), तोच ६८ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), फक्त एक सिलिंडर जास्त. पण तेवढी लांबी बसवायला हलमध्ये, म्हणजे स्कीच्या सांगाड्यात, कापाकापी आली, वजन वाढलं, नाक जड झालं. मालवणला भाड्याने मिळतात तसल्या बसायच्या स्कीत हे खपून जातं, उभ्या स्कीची सगळी मजा हलकेपणात आहे.

त्यापेक्षा ७६० चे सिलिंडर बघा. बोअर ८४, स्ट्रोक तोच, म्हणजे साधारण ७५४ सीसी, तुमच्याच क्रँककेसवर (इंजिनच्या खालच्या भागावर) बसतात, ट्रान्सफर पोर्ट, म्हणजे सिलिंडरात मिश्रण नेणारी भोकं, घासून जुळवावे लागतात एवढंच.

पण त्याच्याही आधी पंप, म्हणजे पाणी मागे फेकून स्की पुढे ढकलतो तो! मी उलटं केलं होतं. ७६० बसवलं, थ्रॉटल दाबला की इंजिन किंचाळायचं, मागे नुसता फेस आणि स्की जागच्या जागी. आठवडाभर कार्बोरेटर उघडत-बंद करत बसलो, शेवटी वैतागून पंप उतरवला. वेअर रिंगमध्ये (इम्पेलरभोवतीचं कडं) खडे ओढून ओढून खोल चरे, इम्पेलरच्या (पाणी ढकलणारा पंखा) पात्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या, आणि पंप हलला टेकतो तिथला जुना सिलिकॉन नखाने उचलला तर अख्खी पट्टी हातात आली. म्हणजे पंप तिथून मस्त हवा ओढत होता, पाणी कुठून ढकलणार. नवी रिंग टाकली, इम्पेलर दुरुस्त करून आणला, सिलिकॉन लावून रात्रभर सुकू दिला आणि सकाळी तीच स्की हातातून निसटायला लागली.

तुमचा १४४ मिलिमीटरचा पंप ७६० ला पुरतो. लोक यामाहाच्याच जीपी१२०० स्कीचा १५५ चा टाकतात पण त्यात परत हल कापणं आलं, रेस मारायची नसेल तर कशाला. इम्पेलरचा पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, मात्र बघावा लागेल, पिच जास्त झाला की आरपीएम पडतो, म्हणून अंदाजाने नको, टॅकोमीटर लावा.

आणि कार्बोरेटरचे जेट (इंधन मोजून सोडणारी भोकं) बदला!! मी जुन्याच जेटवर फिरवली, वीसेक मिनिटांत पुढचा पिस्टन जाम, प्लग काढला तर पांढराफटक. आधी मोठा मेन जेट टाकून इंधन जास्तच जाऊ द्या, मग प्लग चॉकलेटी दिसेपर्यंत हळूहळू खाली या. कॉम्प्रेशन १८० पीएसआयच्या वर नेऊ नका, इथल्या पेट्रोलपंपावरच्या ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलला झेपत नाही. इंजिन परत बसवताना कपलरवर (इंजिन आणि पंपाचा दांडा जोडतो तो) सरळ पट्टी धरून लाइन बघा, माउंटखाली शिम (पातळ चकत्या) घालायचा कंटाळा केलात तर बेअरिंग जाणार.

पंप उघडलात की रिंगचा फोटो टाका, मग पिचचं बोलू.