‘माझ्यामुळं सगळ्यांचं बिघडतं’

जुळे सोलापुरातल्या एका बाईंनी भजनी मंडळात जाणं सोडलं. एकदा टाळाचा ठेका चुकला आणि पुढं बसलेल्या दोघींनी मागं वळून पाहिलं, एवढंच निमित्त. इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाकडं गिटार आहे, वाजवणारे तीन मित्र आहेत, पण ते घरी आले की हा गिटार कपाटावर टाकतो आणि चहा करायला उठतो. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मित्राच्या घरच्या कराओकेला आवडीनं जातात, माईक मात्र पुढच्याकडं सरकवतात. तिघांचं म्हणणं एकच. मला नीट येत नाही, माझ्यामुळं बाकीच्यांचं बिघडतं, मग जायचं कशाला?

एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडं कोण जातं, असं विचाराल. कोणीच जात नाही. लोक झोप येत नाही म्हणून येतात, चिडचिड होते म्हणून येतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कधीतरी बोलता बोलता पेटी निघते.

वसंतरावांचं तसंच झालं. (नाव खरं नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.) वय त्रेसष्ट. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं चेकिंगला होते. त्यांना घेऊन आल्या त्यांच्या पत्नी. म्हणाल्या, “शनिवारी संध्याकाळी टीव्ही लावून बसतात आणि बघत नाहीत.”

बघत का नाहीत हे कळायला दोन भेटी गेल्या. शनिवारी त्यांची बैठक असायची. पाच मित्र, पूर्व भागात तबलेवाल्याच्या घरी माडीवर. शेजारी माग चालू असतो, त्याची खटखट खिडकीतून येत राहते. अभंग होतात, जुनी भावगीतं होतात, एकजण कन्नड वचन म्हणतो, यजमान तेलुगू भजन. श्रोते नाहीत. मध्येच नळाला पाणी आलं की बैठक मोडते, कारण पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. वसंतराव पेटी वाजवायचे. वडिलांची पेटी, शिकले ते ऐकून-बघून.

मग एकदा तबलेवाल्याच्या भाच्यानं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. कोणीतरी त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा चिकटवला. वसंतरावांनी ते त्या रात्री कानात इअरफोन घालून अकरा वेळा ऐकलं. आकडा त्यांनीच सांगितला. अंतऱ्यापर्यंत पेटी तबल्याच्या पुढं पळालेली होती. पुढच्या शनिवारी गुडघा दुखायला लागला, आणि तो दर शनिवारीच दुखू लागला.

इथं मी जी चूक केली ती सांगायला हवी, कारण घरोघरी हीच चूक होते. मी विचारलं, “फोन ठेवला कुठं होता?”

“पेटीवरच.”

मला आनंदच झाला. म्हटलं, मग पेटीच मोठी ऐकू येणार ना! जे जवळ ते मोठं. वर हेही सांगितलं, की रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचा आवाज प्रत्येकालाच परका वाटतो, कारण एरवी आपण तो कानाबरोबर कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो. सगळं खरं होतं. वसंतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, मोठं ऐकू आलं ते फोनमुळं. चुकलं ते फोनमुळं नाही.”

मी गप्प झाले. त्यांच्या मित्रांनीही तेच केलं होतं. ‘अरे मस्त वाजवतोस बे तू, उगं काय.’ धीर देणाऱ्याला त्यानं फार बरं वाटतं. पण ‘तू चांगला वाजवतोस’ म्हटलं की चांगलं वाजवणं ही बसायची अट होऊन जाते. आज पास झालास, पुढच्या शनिवारी पुन्हा पेपर. ज्याला परीक्षेचीच धास्ती आहे, त्याला आपण मार्क वाढवून देत बसतो.

पुढच्या भेटीत मी उलट बाजूनं गेले. “समजा, तुम्ही खरंच वाईट वाजवता. पाच जणांत सगळ्यांत वाईट. मग?”

ते दचकले. बहुतेक एवढं उघड कोणी बोललं नव्हतं.

“मग काय. बंद करायचं.”

“कोणी सांगितलं बंद करा म्हणून?”

“सांगायला कशाला पाहिजे? येत नाही तर वाजवू नये.”

“हा नियम कुणाचा?”

उत्तर नाही. खिडकीबाहेर बघत बसले. अशा वेळी मी प्रश्न रेटत नाही, विषय बदलते. पुढचा प्रश्न काही ठरवून विचारलेला नव्हता, हे मान्य करते. तरी इतक्या वर्षांत कधी कधी असा प्रश्न आपोआप तोंडात येतो, आणि त्याचं श्रेय थोडं मी घेते. मी विचारलं, “चेकिंगला तुम्ही नेमकं काय करायचा?”

तो माणूस बदललाच. पाठ ताठ झाली. ट्यूबलाइटखालचं टेबल, त्यावरून सरकत जाणारा टॉवेल, त्यावर फिरणारा तळहात. कुठं धागा तुटलाय, कुठं लूप सुटलेत, किनार वाकडी गेलीय, मागाच्या तेलाचा डाग पडलाय. “डोळ्याच्या आधी बोटाला कळायचं,” असं म्हणत त्यांनी माझ्या टेबलावर हात फिरवून दाखवला. खोट सापडली की टॉवेल उजव्या ढिगात. सेकंडचा माल.

“त्या सेकंडच्या मालाचं काय व्हायचं?”

“किलोवर जायचा. थोडा आम्ही घ्यायचो.”

“मग तुमच्या घरात टॉवेल कुठले?”

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसेच थांबले. मग हळूच म्हणाले, “सेकंडचेच.”

“किती वर्षं?”

“लग्नापासून.”

“अंग पुसलं जातं?”

लगेच हसले नाहीत. टेबलावरच्या स्वतःच्या हाताकडं बराच वेळ बघत राहिले. मीही घाई केली नाही. अशी शांतता मोडायचा मोह फार होतो, आणि नवीन असताना मी ती नेहमी मोडायची. मग ते म्हणाले, “फर्स्टचा माल आम्ही कधी वापरलाच नाही, मॅडम. तो परदेशी जायचा.” आणि थोड्या वेळानं, जवळजवळ स्वतःशीच, “शनिवारची बैठक कुठं एक्स्पोर्ट करायचीय?”

हे वाक्य मी म्हटलं असतं तर त्याचा सुविचार झाला असता. ते त्यांनी म्हटलं, म्हणून कामाला आलं.

त्या संध्याकाळी घरी जाताना माझ्या लक्षात आलं, की हा माणूस निवृत्त झाला, त्याचं बोट झालं नाही. ट्यूबलाइटचं ते टेबल त्यांनी डोक्यात घालून माडीवर नेलं होतं. चूक दिसणं हा काही आजार नव्हे, त्याच नजरेवर त्यांनी संसार केला. अडचण त्याच्या पुढं होती. ‘हा सूर चुकला’ इथं न थांबता ‘मीच सेकंडचा’ असा शिक्का स्वतःवर मारणं. सूर लागायला हवा, हे ठीक. लागायलाच हवा, म्हटलं की संपलं. माझं निम्मं काम त्या एका ‘च’शी झटापट करण्यात जातं.

पण समजलं म्हणजे झालं, असं मी मानत नाही. करून बघावं लागतं. मी गृहपाठ दिला. शनिवारी जायचं, एका गाण्यात एक सूर मुद्दाम, चांगला मोठ्यानं चुकवायचा. सॉरी म्हणायचं नाही, जीभ चावायची नाही, पेटीकडं अशा नजरेनं बघायचं नाही की जणू तिचीच चूक. सूर चुकवायला ते लगेच तयार झाले. सॉरी न म्हणणं त्यांना जड वाटत होतं.

आठवड्यानं आले ते बसायच्या आधीच बोलायला लागले. कोमल गांधाराच्या जागी शुद्ध दाबला होता. कोणाच्या लक्षात आलं नसेल, अशी माझी नव्हे, तुमची अपेक्षा असेल. पण आलं. तबलेवाला ठेका न सोडता ओरडला, “काय करलालास बे वशा, गांधार घरी ठिवून आलास का?” सगळे हसले.

“मग?”

“भाता थांबवला नाही, मॅडम.”

“आणि आतून?”

“कान तापले. दोन आवर्तनं तापलेले होते. मग निवले.” केरवा होता. आठ-आठ मात्रांची दोन आवर्तनं. ज्या भीतीनं तीन महिने घरात बसवलं, तिचं माप सोळा मात्रा निघालं. त्यानंतर पाणी आलं आणि सगळे बादल्या भरायला खाली पळाले.

ज्यांच्या विचारांवर माझं काम उभं आहे ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) स्वतःची गमतीदार गाणी रचून शिबिरांत सगळ्यांसमोर गायचे. गोड गळ्यासाठी त्यांचं नाव कोणी घेत नाही. हे मी वसंतरावांना सांगितलं तेव्हा ते नुसतेच हसले. त्यापेक्षा दुसरी गोष्ट त्यांना जास्त पटली. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक फरक) बसत नाहीत, अशा आक्षेपांवरून आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या तीस वर्षांत कीर्तन, भजन, तमाशा, घरचे दिवाणखाने, कुठंही पेटी बंद पडली नाही. ऐकून म्हणाले, “म्हणजे पेटीपण सेकंडचीच की!”

आता ज्यांच्याकडं अशीच एखादी पेटी, गिटार किंवा टाळ कपाटावर आहे, त्यांच्यासाठी थोडं.

‘चुका चालतात’ याचा अर्थ रियाज नको असा काढू नका. वसंतराव हल्ली रोज वीस मिनिटं मोबाइलवर संथ ठेका लावून बसतात. लय पळणं हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष, आणि त्यावर संथ ठेक्यासारखा उपाय नाही. पूर्वी ते रियाज करायचे नाहीत, कारण रियाजात चुका ऐकू येतात. लाज कमी झाली तसा हात पेटीकडं गेला. आधी चांगलं येऊ दे मग चारचौघांत बसतो, असं म्हणणारे बहुतेक कधीच बसत नाहीत.

गाणं मध्ये थांबवू नका. चुकलात तर पुढच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर या, सम कुठं जात नाही. गाणं तोडून पुन्हा पहिल्यापासून घेण्याची सवय बैठकीला मारते. कोणाला काही सुधारून सांगायचं असेल तर ते चहाच्या वेळी, आणि त्यानं विचारलं तर. प्रत्येक कंपूत एकजण हळूहळू गुरुजी होतो. त्याला प्रेमानं आवरा. ज्याला कमी येतं त्याला ‘तू नुसतं ऐक’ म्हणू नका, षड्ज, म्हणजे नुसता ‘सा’, धरून ठेवायला द्या, साधा ठेका द्या. कमी येणं आणि बाहेर बसणं यांत फरक आहे.

आणि रेकॉर्डिंग. करू नका असं म्हणणार नाही, स्वतःसाठी जरूर करा, फोन खोलीच्या मध्यावर ठेवून. पण पाचही जणांची संमती नसेल तर ते माडीखाली उतरता कामा नये. घरचं वाजवणं बाहेर गेलं की त्याला बाहेरचं माप लागतं, आणि मग कोणाचा तरी गुडघा दुखायला लागतो.

घरच्यांनी ‘छान वाजवता हो’ म्हणायची गरज नाही. ‘आज काय काय झालं?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

गेल्या सोमवारी वसंतरावांच्या पत्नीचा फोन आला. आभार मानायला असेल असं वाटलं, मी थोडी खूशही झाले. त्या म्हणाल्या, “मॅडम, आता शनिवारी रात्री अकराला येतात, आणि दर दुसऱ्या आठवड्याला बैठक आमच्या घरी. पाच जणांच्या भाकरी मी थापते. शेंगाचटणी पुरत नाही. आता मी यायचं का तुमच्याकडं?”

मी त्यांना गुरुवारची वेळ दिलीय.